टाचेची सवय

आमच्या तांड्यावर ट्रॅक्टर चालवणारे पुष्कळ आहेत, पण टाचेनं चालवणारा एकच, माझा नवरा प्रेमदास. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, कारण नाव घेतल्याशिवाय राग नीट काढता येत नाही. ट्रॅक्टरवर उजव्या टाचेपाशी एक छोटं पायडल असतं. मागचं एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागलं की त्यावर टाच दाबायची. मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात, बरोबरीनं फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. टाच उचलली की चाकं पुन्हा मोकळी. त्याला सगळे डिफ लॉक म्हणतात. आमच्या यांच्या टाचेला त्याची इतकी सवय, की एसटी चिखलातून जायला लागली तरी सीटवर बसल्या बसल्या ते खालचा पत्रा दाबतात. मी शेजारी बसून हसायची. त्या रविवारनंतर हसणं बंद झालं.

रविवार आमच्या लेकीच्या, पुजाच्या परीक्षेचा होता. नीटची परीक्षा, डॉक्टर व्हायची. केंद्र हिंगोलीला आणि फाटक दुपारी दीडला बंद. दीड वाजून गेला की कुणाचंही ऐकत नाहीत, हे मी गेल्या वर्षी नांदेडला डोळ्यांनी पाहिलं होतं. एक पोरगी फाटकाच्या गजांना धरून रडत होती आणि तिचा बाप आतल्या माणसाच्या पाया पडत होता. पुजा तेव्हा वेळेत आत गेली होती, पण आदल्या रात्री आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या शेजारी लग्नाचा बँड वाजत होता. पोरीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. थोडक्यात हुकलं. मग आणखी एक वर्ष तेच पुस्तक, तोच कोपरा. यंदा तिनं आधीच सांगून टाकलं, "याडी, या बारीला मी माझ्याच घरात झोपणार."

याडी म्हणजे आई. घरात आम्ही आमच्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतो, पण ती सगळ्यांना कळत नाही, म्हणून इथे मराठीतच सांगते.

मी अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना गप्प बसा म्हणून ओरडायची सवय, त्यामुळे आवाज मोठा आणि राग नाकावर, असं तांड्यात माझ्याबद्दल बोलतात. बोलू देत. पण शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा मीच म्हणाले होते, आत्ताच हिंगोलीला जाऊ. पुजा नको म्हणाली आणि तिच्या बापानं तिची री ओढली.

"जीप हाय ना दारात," प्रेमदास म्हणाले. "काहून घाबरून राहिली?"

जीप त्यांच्या दोस्ताची, रत्नपालची. रत्नपाल कनेरगाव नाक्याचा, विजेच्या टॉवरचं सामान माळरानावर पोचवायचं काम करतो. त्याच्या बहिणीचं, सपनाचं, लग्न नेमकं त्याच रविवारी कळमनुरीला होतं. स्वतः येता येत नाही म्हणून तो शुक्रवारी जीप दारात लावून गेला. जुनी, पत्र्याची, पण चारही चाकांना जोर देणारी. शिवाय मागची दोन चाकं जखडायचं लॉक त्यानं बाहेरून बसवून घेतलं होतं. त्याचं बटण स्टेअरिंगच्या बाजूला होतं. रत्नपाल ते दाखवायला लागला, "प्रेमदासभाऊ, हे बटण दाबायचं, पण ध्यानात ठेवा..." एवढ्यात यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"आरं, मला डिफ लॉक शिकवतो व्हय? तुझं मिसरूड फुटलं नव्हतं तवापासून दाबून राहिलो मी."

दोघं हसले, चहा प्याले, आणि काय ध्यानात ठेवायचं ते रत्नपालच्या तोंडातच राहिलं. मी तिथेच उभी होते. मला तरी कुठे सुचलं की त्याला बोलू द्या म्हणावं.

शनिवारी संध्याकाळपासून अवकाळी पाऊस लागला तो सकाळी थांबला. आमच्या तांड्यापासून डांबरी सडकेपर्यंत काळ्या मातीची गाडीवाट आहे, मध्ये एक ओढा. काळी माती भिजली की चप्पल सोडत नाही, गाडी कुठली सोडते. मी म्हणाले, कुणाचा तरी ट्रॅक्टर घेऊ, सडकेपर्यंत जाऊ. हे म्हणाले, सडकेपर्यंत जाऊन पुढं काय? लग्नाच्या तिथीला एसटीत पाय ठेवायला जागा नसते, उभं राहून हात दाखवत बसायचं का? त्यात खोट काढता येईना. आम्ही भरपूर वेळ हाताशी ठेवून निघालो. पुढे हे एकटे. मागे मी आणि पुजा, मी डाव्या अंगाला, ती उजव्या. तिच्या मांडीवर पारदर्शक पिशवीत प्रवेशपत्र. ते ती दर थोड्या वेळानं उलटं करून बघत होती, जणू त्यावरचा फोटो बदलणार होता.

ओढा लागेपर्यंत सगळं बरं चाललं होतं. यांनी छोटा दांडा ओढून जीप चार चाकांवर घेतली आणि ती गुरगुरत निघाली. मला वाटलं, चला, उगीच घाबरलो. ओढ्याचं पाणीही फार नव्हतं. ते ओलांडून पलीकडचा चढ चढताना जीप तिरकी झाली, पुढचं एक चाक खड्ड्यावर लोंबकळलं, मागचं दुसऱ्या बाजूचं चिखलात घुसलं आणि ती दोन चाकं गरागरा फिरायला लागली. उरलेली दोन जागेवर गप्प. चिखलाचे गोळे काचेवर आले. जीप इंचभर हलेना.

"चारी चाकं फिरतात म्हणत होते ना?" मी म्हणाले.

"फिरतात."

"दोनच फिरून राहिलेत. माझे डोळे फुटले न्हाईत."

ते खाली उतरले, वाकून बघून आले. त्यांची एक खोड आहे, संकटात त्यांना समजावून सांगायचा उमाळा येतो. "हे बघ शिला. इंजिनाचा जोर पुढं आन् मागं दोन्हीकडं गेला. पण पुढच्या दोन चाकांच्या मधी एक डिफरन्शियल हाय, मागच्या दोघांच्या मधी एक हाय. ते वाटणी करतं. ज्या चाकाला फिरायला सोपं, त्यालाच सगळं फिरणं देतं. चिखलातलं न् हवेतलं चाक सोपं, म्हणून ते गरगरतंय."

"म्हणजे जो नुसता गरगरतो त्याला सगळं, आन् जो पाय रोवून उभा हाय त्याला काहीच न्हाई? तुमच्या बापानं केली तशीच वाटणी झाली."

"आगं, वळायला लागतं ते. खळ्यावर बैल फिरतात बघ. मधल्या मेढीजवळचा जागच्या जागी, कडेचा पळून राहतो. दोघांना एकाच चालीनं चालवलं तर खळं होईल का? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, म्हणून दोघांना मोकळं ठेवावं लागतं."

हे सगळं मला पटलं असतं, पण घड्याळ पुढे सरकत होतं. मोबाईलला रेंज नव्हती. मागे तांडा लांब, पुढे सडक लांब, आणि ओढ्याकाठी आम्ही तिघं. मी खाली उतरले, पळसाच्या फांद्या तोडून चाकाखाली घातल्या, साडीचा ओचा चिखलात माखला. पुजाही उतरायला निघाली. तिला मी खालूनच दटावलं, "कपडे खराब केलेस तर बघ." ती परत बसली. सकाळपासून ती बोललीच नव्हती, आणि मला धास्ती होती ती जीपमुळे कमी, तिच्या गप्प बसण्यामुळे जास्त. ही पोरगी घाबरली की रडत नाही, आत आत जाते. गेल्या वर्षी पेपरच्या आधी अशीच गेली होती.

यांनी पुन्हा रेस दिली. चाक गरगरलं आणि मी खिडकीतून पाहिलं, त्यांची उजवी टाच खालचा पत्रा दाबत होती. रिकामा पत्रा. पायडल तिथे नव्हतंच.

"बटण!" मी ओरडले. "टाचेत न्हाई, बटणात हाय लॉक!"

"व्हय व्हय, बटण," ते म्हणाले आणि बोटानं बटण दाबलं. सीटखाली घुर्र झालं, लाल दिवा लागला. मग त्यांनी हळूच पाय दाबला आणि आता मागची दोन्ही चाकं एकसारखी फिरायला लागली. चिखलातल्या चाकाला एकट्याला गरगरता येईना, टणक जागेवरच्या चाकानं जमीन धरली आणि जीप हिसका देऊन वर आली. मी पळत जाऊन आत चढले. मला इतका आनंद झाला की मी मागूनच त्यांच्या पाठीवर धपाटा घातला. पुजा हसली नाही, पण तिनं माझा हात धरला.

सडकेला लागलो तेव्हा दीडला अवकाश होता, पण भरपूर नव्हता. ओढ्यानं आमचा वेळ खाल्ला होता. प्रेमदासनी छोटा दांडा ढकलून जीप दोन चाकांवर घेतली. तेवढं त्यांना बरोबर आठवलं, कारण दांडा हातात येतो. बटण बोटानं दाबून सोडलं होतं. त्यांच्या लेखी सोडलं म्हणजे सुटलं. आयुष्यभर टाच उचलली की सुटतच होतं.

"स्टेरिंग जड लागून राहिलं," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"काहून?"

"चिखल बसला आसंल चाकात. उडून जाईल."

मी पुढे वाकून पाहिलं. "ते लाल काय पेटलंय?"

"बटणाचा दिवा हाय. असू दे."

असू दे म्हणाले म्हणून मीही असू दिलं. माझं लक्ष घड्याळाकडे. त्यांनी वेग वाढवला. सडक ओली, दोन्ही बाजूंना चर, चाकांना काळा लगदा फासलेला. पुलाच्या आधी एक वळण आहे, उजवीकडे. रोजचं वळण, ट्रॅक्टरवर ते झोपेतही घेतील. त्यांनी स्टेअरिंग फिरवलं. मला त्यांचे दोन्ही हात फिरताना दिसले. पुढची चाकं वळली असतील, पण जीप वळली नाही. ती सरळ निघाली, सडक सोडून, चराकडे. मी एवढंच केलं की उजवा हात पुजाच्या पुढ्यात आडवा टाकला.

जीप चरात उतरली, पलीकडच्या मातीच्या बांधाला टेकली आणि बंद पडली. पुजा पुढे आली ती माझ्या हातावर, आणि माझा हात पुढच्या सीटच्या लोखंडी पाइपावर. मनगटाच्या वर आत कुठेतरी कट् झालं. आवाज मला ऐकू आला. क्षणभर डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"पुजा!"

"काही न्हाई झालं, याडी. मला काही न्हाई झालं."

"शिला, तू?"

"मला काय धाड भरली?" मी म्हणाले आणि पदर ओढून हात त्याखाली घेतला.

हात मोडला होता. अंगणवाडीत लेकरं पडतात, मला दुखणं आणि मोडणं यातला फरक कळतो. पण ते बोलायचं कसं? बोलले असते तर जीप आधी दवाखान्यात गेली असती. गेली नसती तरी पोरगी तीन तास आईचा मोडका हात डोळ्यांपुढे ठेवून पेपर सोडवत बसली असती. गेल्या वर्षी एका बँडनं तिचं वर्ष खाल्लं, हे त्याहून मोठं होतं. मी मनाशी ठरवलं, फाटक बंद होईपर्यंत माझ्या तोंडून या हाताबद्दल एक शब्द निघणार नाही. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हणून मी दुसरी युक्ती केली. दुखण्याचा सगळा आवाज नवऱ्याला बोलण्यात घातला.

"मोठे आले डिफ लॉक दाबणारे! तो बिचारा सांगून राहिला होता, ऐकून घेतलं का? फोन लावा त्याला! लावा!"

इथे रेंज होती. प्रेमदासच्या बोटांना नंबर सापडेना, म्हणून फोन पुजानंच लावून स्पीकरवर ठेवला. तिकडे सपनाच्या मंगल परिणयाची गडबड, कुणीतरी माइकवर पाहुण्यांना जेवायला बोलावत होतं. रत्नपालनं ऐकलं आणि पहिलंच विचारलं, "लाल दिवा लागलेला हाय का?"

"हाय."

"मग बटण बंद काहून न्हाई केलं?"

"म्या दाबून सोडलं की!"

"सोडून काय व्हतंय, भाऊ? ते टाचेचं न्हाई. ते पुन्हा दाबल्याबिगर सुटत न्हाई. हेच सांगून राहिलो व्हतो मी." तो कुठेतरी बाजूला गेला असावा, आवाज स्पष्ट झाला. "मागची दोन्ही चाकं एकाच चालीनं फिरून राहिली. तुमी वळवलं, पण लॉक बाहेरच्याला जास्त चालू देईना, आतल्याला कमी चालू देईना. दोन्ही मिळून गाडीला सरळच ढकलणार. चिखलात चालतं, तिथं चाक घसरून भागवून घेतं. सडकेवर न्हाई चालत."

प्रेमदास ऐकत होते. खळ्यावरचे बैल मला समजावून सांगणारा माणूस, त्यांना काय कळायचं बाकी होतं? सगळं ठाऊक होतं. फक्त टाच उचलली की सुटतं, एवढं एक अंगात इतकं मुरलं होतं की डोक्यापर्यंत विचार गेलाच नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. माझा राग खरा होता, पण दयाही आली.

"बंद करू का आता?" त्यांनी विचारलं.

"आता नका! आता चरात हाय ना तुमी? छोटा दांडा चारवर घ्या, लॉकवरच सरळ मागं निघा. स्टेरिंग वळवू नका. सडकेवर आले की मग बंद करा. दिवा लगेच गेला न्हाई तर घाबरू नका, आतले दात आडकलेले असतात. थोडं पुढं, थोडं मागं घ्या, स्टेरिंग डावं-उजवं करा. जोर सुटला की दात सुटतेत."

जीप मागे निघाली, हळू, सरळ. प्रत्येक हिसक्याला माझ्या हातातून कळ डोक्यात जात होती आणि प्रत्येक हिसक्याला मी यांच्या खानदानातल्या एकेकाला वर काढत होते. सासऱ्यांपासून सुरुवात केली. सडकेवर आल्यावर यांनी बटण दाबलं. दिवा गेला नाही. पुढे घेतली, मागे घेतली. दिवा तसाच. पुजा दोन सीटांच्या मधून पुढे वाकून त्या दिव्याकडे बघत होती. मला वाटलं, हा दिवा आज जाणारच नाही, आम्ही इथेच पुढे-मागे करत राहणार आणि तिकडे फाटक लागणार. मग स्टेअरिंग डावीकडे फिरवून यांनी जीप जरा मागे घेतली आणि खालून खट् आवाज आला. दात सुटले. दिवा विझला.

"सुटलं," प्रेमदास म्हणाले. पण गाडी पुढे घेईनात. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. "मी न्हाई चालवत आता. पोरगी बसलीय मागं. मारली आसती म्या तिला."

"मग कोण चालवणार? मी?" मी ओरडले, आणि त्या ओरडण्यातही कळ होती. "चालवता का उतरू मी खाली?"

चालवली त्यांनी. पण कशी! सकाळचा सगळा तोरा उतरला होता, आता प्रत्येक वळणाला ते गाडी जवळजवळ उभीच करत. आधी वेगानं जीव खाल्ला, आता सावकाशीनं. हायवेला लागलो तरी मागून येणारा प्रत्येक ट्रक भोंगा वाजवत पुढे जायचा. मी म्हणायची, पळवा. ते म्हणायचे, पळवतोय. मी डाव्या हातानं उजवा हात पदराखाली पोटाशी धरून बसले होते. मनगट सुजून जड झालं होतं, बोटांना मुंग्या येत होत्या. घाम येत होता तो मी उन्हावर ढकलला. पुजाकडे मी सरळ पाहिलंच नाही. तिनं डोळ्यात पाहिलं असतं तर मला लपवता आलं नसतं. ती खिडकीबाहेर बघत होती, मला वाटलं मनातल्या मनात काही पाठ म्हणत असेल.

हिंगोलीत शिरलो तर लग्नाच्या गाड्याच गाड्या. केंद्राच्या गल्लीच्या तोंडाशी जीप अडकली. मी म्हणाले, उतरा, पळा. तिघंही पळालो. जीप तशीच सोडून, दार उघडं टाकून. पळताना हात हलला आणि मला वाटलं मी इथेच पडणार. पडले नाही. फाटकापाशी थोडीच पोरं उरली होती. आतल्या बाईनं पुजाचं प्रवेशपत्र पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"नाक में क्या है? वो निकालो. और ओढनी बाहर रखो. जल्दी करो, गेट बंद हो रहा है."

चमकी! घरून निघताना काढायची ठरलं होतं, पावसाच्या चिंतेत राहून गेली. फिरकीची चमकी, घट्ट बसलेली. पुजाची बोटं घामानं निसटायला लागली. तिनं तोंड माझ्याकडे केलं, "याडी, काढ ना."

फिरकी काढायला दोन हात लागतात. एक नाकाच्या आत, एक बाहेर. लहानपणापासून तिच्या नाकातलं, कानातलं मीच काढत आले. मी जागची हलले नाही.

"तुझ्या बाला सांग!" मी खेकसले. "सगळा उशीर त्यांनी केलाय. आता चमकी बी त्यांनाच काढू दे. मी हातबीत लावणार न्हाई."

माझ्या तोंडच्या या बोलण्याचं कुणालाच नवल वाटलं नाही, आणि तेच मला हवं होतं. प्रेमदास पुढे झाले. ग्रीसनं काळी झालेली जाडजूड बोटं त्यांनी शर्टाला पुसली. चरात नंबर न सापडलेली तीच बोटं, पण आता चुकली नाहीत. दात-ओठ खात त्यांनी फिरकी धरली, अर्धी फिरवली, पुन्हा अर्धी, आणि चमकी त्यांच्या तळहातावर आली.

"चलो चलो," बाई म्हणाली. दुसऱ्या माणसानं फाटकाला हात घातला.

पुजानं गळ्यातली ओढणी काढली. मला वाटलं माझ्याकडे टाकेल आणि पळेल. तिनं ती झटकली, दुमडून तीन कोनांची केली आणि सरळ माझ्या पदरात हात घातला.

"पुजा, जा! फाटक लागतंय!"

"हलू नको." तिनं माझा मोडका हात खालून अलगद उचलला, इतका अलगद की मला ओरडायला सापडलं नाही, ओढणी त्याच्याखालून घेतली आणि दोन टोकं माझ्या मानेमागे नेऊन गाठ मारली. "बोटं हलव."

मी हलवली.

"बराबर. मनगटाच्या वर मोडलंय. इथं माझी वाट बघत बसू नको, आधी एक्सरे काढ." गाठ ओढून बघत ती म्हणाली, "तू बाला बोलून राहिली होती ना, तवर मला धीर होता. गप्प झाली आसती तर मी पेपरला आले नसते, आधी तुला दवाखान्यात नेलं आसतं."

आणि ती आत पळाली. बाईनं तिला दंडाला धरून आत घेतलं आणि तिच्या पाठीमागे फाटक लागलं. तिनं वळून पाहिलं नाही. मी म्हणत होते, पाहू नको, पाहू नको.

म्हणजे वळणापासून तिला ठाऊक होतं. सगळ्या रस्त्यानं मी तिच्यापासून लपवत होते आणि ती, तिला कळलंय हे, माझ्यापासून. खिडकीबाहेर बघत ती पाठ म्हणत नव्हती. माझा आवाज येतोय का, ते ऐकत होती.

प्रेमदास हातात चमकी घेऊन माझ्या गळ्यातल्या ओढणीकडे बघत राहिले. "हे काय? हे कवा झालं?"

"तिला इचारा," मी म्हणाले. "तिला समदं ठाऊक हाय." आणि मग मला रडू आलं.